पायांची आग, कंबरेची कळ आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही ५१ वर्षांच्या, पुण्यात शाळेत शिकवता. कंबर आठ वर्षं दुखते आहे. तीन वर्षांपासून दोन्ही तळपायांची रात्री आग होते आणि दिवसा मुंग्या येतात. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून ‘एल फोर-एल फाईव्हची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली) गादी सरकली आहे, नस दबते आहे’ असं सांगितलं. मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शनची तपासणी केली, ती नॉर्मल आली. तिसऱ्यांनी प्रीगाबालिन हे नसांच्या आगीचं औषध दिलं, ते झोप फार येते म्हणून तुम्ही चार दिवसांत सोडलं. चौथे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मध्ये बी-१२ १९० आलं होतं, त्याची इंजेक्शनं झाली. साखर ‘बॉर्डरवर’ आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय: डॉक्टरांकडेच उत्तर नसेल तर मी जगायचं कसं? दरवर्षी पालखीबरोबर थोडं तरी चालायचे, ते आता सुटलं असं समजायचं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चोवीस वर्षं कोथरूडमध्ये काम करते. औषध लिहून देणं माझ्या हातात नाही, आणि पायाला हात न लावता निदान सांगणं मला पटत नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं काही तुम्हाला लागू पडेल, काही पडणार नाही. पण तुमच्यासारखी माणसं मी रोज बघते, हातात फाईल आणि तोंडात एकच वाक्य: ‘कुणाला काही कळतच नाही.’

या वाक्याचीच आधी फोड करायला हवी. ‘उत्तर नाही’ याचे तीन वेगळे अर्थ असतात. कधी उत्तर नीट शोधलेलंच नसतं. कधी शोधलेलं असतं, पण सापडत नाही. आणि कधी सापडलेलं असतं, पण त्यावर मुळापासून बरं करणारा इलाज नसतो. तिन्हीत माणसाला वाटणारी हतबलता सारखीच, पण पुढचं पाऊल वेगळं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुम्ही अजून पहिल्या खोलीत आहात आणि तुम्हाला तिसऱ्या खोलीत असल्यासारखं वाटतंय.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्याकडे दुखणी दोन असू शकतात. कंबर आणि पाय एकाच दोरीने बांधलेले आहेत असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं. कंबरेच्या डॉक्टरांना पाय कंबरेमुळे दुखतात असं वाटलं, नसांच्या डॉक्टरांना कंबर आपल्या विषयाबाहेरची वाटली. माझ्याकडे पेशंट आला की मी फाईल बाजूला ठेवते आणि आधी काही साधे प्रश्न विचारते.

आग दोन्ही पायांना सारखी आहे की एका पायाला जास्त? बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर सरकली, की कंबरेतून कुल्ला, मांडी, पोटरी अशी एका रेषेत खाली उतरते? खोकलं, शिंकलं, वाकलं की पायात करंट जातो का? चालताना पाय भरून येतात का, आणि भाजीच्या गाडीवर किंवा मॉलमधल्या ट्रॉलीवर वाकून उभं राहिलं की बरं वाटतं का? रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो का? चप्पल पायातून सुटली तर लगेच कळतं का? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का?

मणक्यात नस दबली असेल तर दुखणं बहुधा एका पायात, एका पट्ट्यात जातं आणि बसण्या-वाकण्याने बदलतं. मणक्यातली जागाच अरुंद झाली असेल तर चालताना दोन्ही पाय जड होतात आणि पुढे वाकलं की मोकळं वाटतं. अशा माणसाला सायकल चालते, पायी चालणं जड जातं. न्यूरोपॅथी म्हणजे पायाच्या टोकाकडच्या नसांचं दुखणं. ते दोन्ही पायांत सारखं, बोटांपासून वर, आणि रात्री जास्त. पायाकडे जाणारी नस कंबरेपासून बोटांपर्यंत साधारण मीटरभर लांब असते. शरीरातली ही सगळ्यात लांब नस, म्हणून पोषण कमी पडलं की टोकाला सगळ्यात आधी कळतं. शेताच्या शेवटच्या वाफ्याला पाणी पोचू नये तसं.

दोन्ही तळपाय सारखे पेटतात, रात्री जास्त पेटतात, कंबर वाकवल्याने त्यात फरक पडत नाही असं तुम्ही लिहिलंय. हे चित्र मला गादी सरकल्याचं वाटत नाही. कंबर दुखते हे खरं, पाय पेटतात हेही खरं, पण एकाने दुसरं झालं असेलच असं नाही. म्हणूनच कुणी ‘पायांची आग थांबेल’ म्हणून मणक्याचं ऑपरेशन सुचवलं तर घाई करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दबलेल्या नसेमुळे पायात कळ जात असेल तर ऑपरेशनने ती कळ कमी होऊ शकते. टोकाकडच्या नसांच्या आगीला मणक्याच्या ऑपरेशनचा उपयोग नाही.

एमआरआयबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण त्या कागदाने मी माणसं खचलेली पाहिली आहेत. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या चित्रांची माहिती एकत्र केली होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्क्यांत आणि ऐंशीत ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण पन्नाशीत ६० टक्के. यातल्या कुणालाच दुखत नव्हतं. म्हणजे तुमच्या वयाच्या, ठणठणीत असलेल्या दहा मैत्रिणींचा एमआरआय काढला तर साधारण सहा जणींच्या रिपोर्टवर गादी फुगल्याची ओळ येईल. ‘डीजनरेशन’ हा शब्द वाचून मणका कुजतोय असं वाटतं. केस पांढरे होणं जसं, तसं ते बरंचसं असतं. रिपोर्ट खोटा नाही. पण तो तुमच्या दुखण्याचं कारण सांगतोच असंही नाही.

कंबरदुखीत हे आम्हाला नेहमीच मान्य करावं लागतं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांमध्ये नेमकी कुठली रचना दुखते हे कुठल्याच यंत्राला ठामपणे दाखवता येत नाही. डॉक्टर ते स्पष्ट बोलत नाहीत, म्हणून पेशंटला वाटतं काहीतरी लपलंय.

आता नर्व्ह कंडक्शन नॉर्मल आली त्याबद्दल. ही तपासणी जाड तंतूंची असते. स्पर्श, कंपन, तोल, स्नायूंची ताकद सांभाळणारे ते तंतू. आग, चटका, गरम-गार जाणवणारे तंतू बारीक असतात आणि या यंत्राला ते दिसत नाहीत. त्यामुळे तळपाय पेटत असताना रिपोर्ट नॉर्मल येणं यात काही विसंगत नाही. बारीक तंतूंची न्यूरोपॅथी हे मान्य असलेलं निदान आहे. त्यासाठी पायाच्या त्वचेचा छोटा तुकडा काढून त्यातले तंतू मोजण्याची सोय असते, ती सगळीकडे नसते आणि प्रत्येकाला लागतेही असं नाही. बरेचदा टाचणीचं टोक आणि गार-गरम यांची जाणीव तपासून चांगला न्यूरॉलॉजिस्ट हे ओळखतो. कुणी नॉर्मल रिपोर्ट दाखवून ‘मनाचे खेळ’ म्हणालं असेल तर त्यांचं चुकलं, तुमचं नाही.

नीट शोधलेलं नाही असं मी का म्हणते? तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टी मला अर्धवट वाटल्या. पहिली बी-१२. पुण्यात हे नवं नाही. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. म्हणजे दूध-दही खाणारा शिकला-सवरला वर्गही यातून सुटलेला नाही. तुमचं १९० आलं, इंजेक्शनं झाली, आणि मग? विषय तिथेच संपलेला दिसतो. तुम्ही शाकाहारी आहात. आहार तोच राहिला तर टाकी पुन्हा रिकामी होणार. शिवाय ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असलं तरी बी-१२ उतरतं. इंजेक्शननंतर लगेच तपासलं तर आकडा भरघोस दिसतो, त्यावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारा की काही महिन्यांनी परत बघायचं का, सोबत होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायचं का, आणि पुढे गोळी किती दिवस. बी-१२ची कमतरता मज्जारज्जूलाही त्रास देते, तेव्हा कंपन आणि तोल यांची तपासणी झाली पाहिजे. माझ्याकडे त्यासाठी एक साधा ट्युनिंग फोर्क असतो. तो पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि थरथर कळली नाही तर मी पेशंटला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन परत डॉक्टरांकडे पाठवते.

दुसरी गोष्ट साखर. ‘बॉर्डरवर आहे, गोड कमी खा’ एवढ्यावर सोडून देण्यासारखं हे नाही. पूर्वमधुमेहातही बारीक तंतूंना इजा झालेली आढळते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.७ ते ६.४ च्या मध्ये असेल तर तो पूर्वमधुमेह. काही जणांत हा आकडा फसवा असतो. अंगात लोह कमी असेल तर तो उगाच वर दिसतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघायची तपासणी कधीकधी वेगळंच सांगते. ती तुमची झालेली दिसत नाही. हे कारण सापडलं तर त्यात हात घालता येतो, म्हणून मी त्यावर अडून बसते आहे.

बाकी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी: थायरॉईड, किडनी, आणि रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी. डोळे आणि तोंड सतत कोरडं पडत असेल तर तेही आवर्जून सांगा. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर लाजू नका, कुष्ठरोग आपल्याकडे अजून आहे, नसांवर बसतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. पूर्वी टीबीची औषधं किंवा केमोथेरपी झाली असेल, घरी कुणी वैदूने दिलेली भस्मं चालू असतील, दारू असेल, तर सगळं मोकळेपणाने सांगा. काही भस्मांत शिसं किंवा आर्सेनिक सापडतं आणि दोन्ही नसांना मारक आहेत. आणि तुम्ही ‘नसांच्या ताकदीच्या’ दोन वेगवेगळ्या कॅप्सूल घेता असं लिहिलंय, त्यांच्या पाकिटावर बी-६ किती आहे ते आजच बघा. बी-६ कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि जास्त मात्रा दीर्घकाळ घेतली तरीही बिघडतात. दोन-दोन कॅप्सूल मिळून ते किती होतं, हे बरेचदा कुणी मोजलेलंच नसतं.

इथे थांबून एक गोष्ट ठळक सांगते, कारण ‘जुनं दुखणं आहे’ म्हणून माणसं तीही अंगावर काढतात. जांघा आणि बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर तो दिवस उलटू देऊ नका, थेट इमर्जन्सीत जा. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का हे बघावं लागतं. आणि पायातली अशक्तता दिवसागणिक वर चढत असेल तर थांबायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण एकाएकी वाढले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यात आधी जुलाब झालेले, मग मुंग्या, मग पायऱ्या चढता न येणं असा क्रम अनेकांचा होता. तुमची तीन वर्षांची संथ आग ही ती गोष्ट नाही. पण घरात कुणाला असं झालं तर ओळखता यावं.

समजा हे सगळं झालं आणि तरी कारण सापडलं नाही. तेही होतं. पूर्ण तपासणी होऊनही चारातल्या एकाला, कुठे त्याहूनही जास्त जणांना, न्यूरोपॅथीचं कारण मिळत नाही. तेव्हा माणूस मनात सगळ्यात वाईट चित्र रंगवतो. माझा अनुभव आणि डॉक्टरांचं निरीक्षण दोन्ही सांगतात की कारण न सापडलेली न्यूरोपॅथी बहुतेकांत फार हळू सरकते, आणि बहुतेक लोक आपल्या पायांवर चालत-फिरत राहतात. कारण सापडलं तरी नसा एका रात्रीत सुधारत नाहीत. इजा झालेली नस वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या वेगाने. त्यामुळे इंजेक्शनचा कोर्स झाला आणि महिन्यात आग थांबली नाही म्हणून उपाय फसला असं होत नाही. काही वेळा नस सुधारताना मुंग्या उलट वाढतात.

औषधांबद्दल दोन शब्द. प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही नसांच्या आगीची औषधं आहेत. तुमच्यासाठी कुठलं हे डॉक्टर ठरवतील. पण अपेक्षा आधी स्पष्ट असावी. प्रीगाबालिनसारख्या औषधाने निम्मी वेदना कमी झाली असं म्हणणारा एक माणूस मिळायला साधारण सात-आठ जणांना ते द्यावं लागतं. हे वाचून निराश होऊ नका. एकाने नाही झालं तर दुसऱ्याने होतं, आणि तिसरा हिस्सा आग कमी झाली तरी झोप लागते. झोप लागली की उरलेलं सोसवतं. सुरुवातीच्या दिवसांतली गुंगी अनेकांना येते. कमी मात्रेपासून, रात्री, हळूहळू वाढवत नेलं आणि योग्य मात्रेवर काही आठवडे दिले तरच ते चाललं की नाही हे कळतं. पायावर सूज आली, वजन वाढलं तर सांगा. आणि अनेक आठवडे घेतलेलं औषध कधीही एकदम बंद करायचं नाही.

तपासण्या चालू राहतील. पण त्या संपेपर्यंत जगणं थांबवायचं नाही. कारण शोधणं ही एक वाट आणि बरं वाटू लागणं ही दुसरी. दोन्ही एकदम चालायच्या.

माझ्याकडे अशाच दुखण्याच्या एक बाई यायच्या. चांगल्या दिवशी सगळं उरकायच्या. दिवाळीत सलग चार तास ओट्याशी उभं राहून चकल्या, शेव, अनारसे, आणि मग तीन दिवस पलंगावर. तीन दिवसांनी थोडं बरं वाटलं की साठलेलं काम परत एका दमात. त्या म्हणायच्या, माझं दुखणं लहरी आहे. मी त्यांना पंधरा दिवस फक्त लिहायला लावलं: किती वेळ उभ्या, किती वेळ बसल्या, रात्र कशी गेली. तेव्हा त्यांना स्वतःलाच दिसलं की लहर वगैरे काही नाही, भरतीनंतर ओहोटी आहे. मग आम्ही घड्याळ लावलं. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं बसणं, मग परत. दुखतंय म्हणून थांबायचं नाही, घड्याळ वाजलं म्हणून थांबायचं. पुढच्या दिवाळीत फराळ पाच दिवसांत विभागून झालं, एक दिवस चकली, दुसऱ्या दिवशी शेव.

तुमच्या शाळेच्या तासांना हेच लावा. पस्तीस मिनिटांचा तास पूर्ण उभ्याने घेऊ नका. फळ्याजवळ दहा मिनिटं, मग खुर्चीवर दहा मिनिटं, मग वर्गात एक फेरी. उभं राहावंच लागलं तर एक पाय छोट्या पाटावर किंवा खालच्या पायरीवर ठेवा आणि पाय बदलत राहा. कंबरेला त्याने खूप सैल वाटतं. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळून राहणं कंबरदुखीत नुकसानच करतं. लाकडी फळीवर झोपायचा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो, पण २००३ मध्ये कंबरदुखीच्या लोकांवर केलेल्या चाचणीत खूप कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादी चांगली ठरली होती.

चालणं हे माझं मुख्य औषध, पण मोजून. वाईट दिवशीही तुम्हाला किती मिनिटं चालता येतं ते बघा. समजा आठ. मग सहापासून सुरुवात करायची. दर चौथ्या दिवशी एक मिनिट वाढवायचं. चांगला दिवस आहे म्हणून पंधरा चालायचं नाही, वाईट आहे म्हणून शून्यही नाही. सुरुवातीला सपाट जागा घ्या, कमला नेहरू उद्यान, सारसबाग, सोसायटीचा पार्किंगचा रस्ता काहीही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि तळजाई नंतर. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी चालवणं कंबरेला बसतं हे तुम्ही लिहिलंय. शक्य असेल तेव्हा सीटवरून किंचित उठून खड्डा घ्या आणि लांबच्या दिवशी बसने जा.

पाय नीट जाणवत नसले की माणूस न कळत पाय फाकवून, कंबर ताठ धरून चालतो. दिवसभर ती कंबर आखडलेली राहते. आणि कंबर दुखते म्हणून चालणं कमी झालं की साखर आणि स्नायू दोन्ही बिघडतात. दुखणी वेगळी असली तरी ती अशी एकमेकांना चिथावतात. म्हणून तोलाचा व्यायाम मी कंबरेच्या व्यायामाइतकाच महत्त्वाचा मानते. स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन्ही हात टेकवून टाचा उचलायच्या, दहा वेळा. मग एका पायापुढे दुसरा पाय, एका रेषेत, दहा सेकंद उभं राहायचं. ओटा हाताशीच असू दे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे होतं. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा. ज्यांच्या पायाला जमीन नीट कळत नाही त्यांचे डोळे अर्धं काम करत असतात, अंधारात तोही आधार जातो.

पाय रोज बघायचे. हे मी घाबरवायला सांगत नाही. एक काका कंबर शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपायचे. रात्री ती घसरून पायाशी गेली. त्यांना कळलंच नाही. सकाळी घोट्याजवळ मोठा फोड होता आणि ती जखम भरायला तीन महिने गेले. तेव्हापासून माझा नियम आहे: कंबर शेकायची असेल तर जागेपणी, पंधरा मिनिटं, आणि पिशवी उचलून ठेवूनच झोपायचं. पाय आगीने पेटतात म्हणून बर्फात बुडवणंही तितकंच वाईट. साधं गार पाणी दहा मिनिटं, पाय पुसायचे, बोटांमध्येही कोरडं करायचं. पांघरूण टोचत असेल तर पलंगाच्या पायथ्याशी एक स्टूल ठेवून त्यावरून चादर सोडा, पायांभोवती तंबू होतो. पंख्याची दिशा पायाकडे. बूट-सॅंडल घालण्याआधी आत हात घालून खडा बघायचा. सुटी चप्पल नको, मागे पट्टा असलेली हवी. मे महिन्यात देवळाच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी अजिबात नाही, मोजे घाला, देव रागावत नाही.

घरच्यांचं तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंय: ‘आता घरी सांगणंच बंद केलं.’ ती ओळ मला सगळ्यात जास्त लागली. दुखणं दिसत नाही, रिपोर्टवर येत नाही, मग घरच्यांचा विश्वास हळूहळू उडतो आणि शेवटी आपलाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा त्यासोबत एक टीप दिली की माणूस दुखतंय म्हणतो त्याचा आदर राखला गेला पाहिजे. शरीराला इजा सापडली नाही तरी वेदना खरी असते, हे आता शास्त्रच मान्य करतं. अनेक वर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थेचा भोंगाच हळवा होतो, थोड्या कारणाने मोठा वाजतो. झोप, काळजी, एकटेपणा यांनी त्याचा आवाज कमी-जास्त होतो. चौथ्या डॉक्टरांना बहुधा हेच म्हणायचं होतं, पण ‘टेन्शन घेऊ नका’ म्हटल्याने कुणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलं नाही. नवऱ्याला किंवा मुलीला एकदा माझ्यासारख्या कुणाकडे तपासणीला सोबत न्या. टाचणी टोचल्यावर तुम्हाला कळत नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की घरातली भाषा बदलते, हे मी अनेकदा अनुभवलंय. आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही असं होत असेल तर ते दुखण्याइतकंच गंभीरपणे घ्या. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

डॉक्टर बदलत राहणं थांबवा. एक एमडी फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्ट धरा जो ऐकून घेतो, आणि बाकी सगळे त्याच्याकडून. खर्च झेपत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. तिथे रांग लागते, पण तपासण्यांचा खर्च आटोक्यात राहतो. भेटीला जाताना जाडजूड फाईलऐवजी एक पान न्या: त्रास कधी सुरू झाला, कुठून कुठे गेला, कुठली औषधं किती दिवस घेतली, कशाने काय झालं, आणि आज विचारायचे तीन प्रश्न. तुमचे तीन मी सुचवते. माझ्या पायांची आग कंबरेमुळे आहे की वेगळी? बी-१२ आणि साखर यांचा पाठपुरावा कसा करायचा? आगीचं औषध कमी मात्रेपासून परत सुरू करता येईल का? दहा मिनिटांच्या भेटीत एवढं पुरेसं असतं. एकाच बैठकीत शीर मोकळी करून देतो म्हणणाऱ्यांच्या आणि आगाऊ पैसे भरून घ्यायच्या वीस-तीस सिटिंगच्या पॅकेजच्या वाटेला जाऊ नका. ज्याला तुमच्या पायाचं निदान माहीत नाही तो बैठकींचा आकडा आधीच कसा सांगू शकतो?

राहिला पालखीचा प्रश्न. आषाढाला अजून साडेचार-पाच महिने आहेत. आज सहा मिनिटांपासून सुरू केलंत आणि दर चार दिवसांनी एक मिनिट वाढवलंत, मध्ये चार-दोन आठवडे वाया गेले असं धरलं, तरी तोपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास पोचाल. आळंदीपासून पुण्यापर्यंतचा पूर्ण टप्पा यंदा नको. दिवे घाट तर नकोच. पण फर्ग्युसन रस्त्यावर तुकाराम पादुका चौकापाशी उभ्या राहा, पालखी आली की सोबत निघा, आणि अर्ध्या तासाने बाजूला होऊन बसता येईल अशी जागा आधी बघून ठेवा. पायात मागून पट्टा असलेली, सहा आठवडे वापरून मऊ झालेली पादत्राणं, आत सुती मोजे, पिशवीत कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड, कारण पाऊस असणारच. मुलीला बरोबर घ्या. घरी आलात की पाय धुऊन, पुसून, उजेडात दोन्ही तळवे बघा, आणि मला कळवा किती मिनिटं झाली.